मुंबई बंदर ते मुरूड-जंजिरा: आधी तिथी बघा, मग तिकीट काढा

"अलिबागला चाललोय, बीच सोडून काय बघायचं गं?" हा मेसेज मला दर महिन्याला कुणीतरी पाठवतंच, आणि दरवेळी मी तेच तेच टाईप करत बसते, म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवतेय. पट्टा म्हणजे गेटवेपासून खाली मुरूडपर्यंतचा. एवढ्याशा किनाऱ्यावर सहाव्या शतकातली लेणी आहेत, मराठ्यांच्या आरमाराचा किल्ला आहे, पोर्तुगीजांचा कोट, ज्यूंचं सिनेगॉग, सिद्दीचा जंजिरा, आणि सुरुवातीलाच एक जबरदस्त म्युझियम. नीट बघायचं तर तीन दिवस लागतात. दोन दिवसांतही होतं, पण मग नुसत्या गाडीत बसण्याच्या आठवणी घरी घेऊन याल.

सगळ्यात पहिलं काम हॉटेल बुकिंग नाही, सगळ्यात पहिलं काम म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि तिथी बघा. हसू नका. या सगळ्या पट्ट्यात कुठे कधी जायचं ते समुद्र ठरवतो, गूगल मॅप नाही, आणि हे मी भिजून शिकलेय. काही वर्षांपूर्वी आईला आणि मामाला घेऊन अलिबागला गेले होते, सकाळी आरामात नाश्ता-बिश्ता करून दहाला तिथल्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याकडे चालत निघालो, पाणी घोट्याएवढं, मजा येत होती, किल्ल्यात फिरलो, मामाने प्रत्येक बुरुजावर फोटो काढून घेतले, आणि बाराला बाहेर येऊन बघतो तर आलो ती वाटच नाही, नुसता समुद्र! शेवटी होडी करून आलो. तो होडीवाला काका वल्हवता वल्हवता विचारतो, "ताई, आज तिथी कंची?" मी म्हटलं माहीत नाही. आई म्हणाली तृतीया. तो म्हणाला, "मंग झाला की हिसाब. तीन पाऊण सव्वादोन. सव्वादोनला पूर्ण भरती."

हाच तो फॉर्म्युला. तिथीची पाऊणपट करा, म्हणजे तीनने गुणून चारने भागा, येईल ती साधारण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती. त्याच्या सहा तास मागे-पुढे ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ आणि रात्री नऊ. पौर्णिमा-अमावास्येनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. रोज वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते म्हणून हे गणित चालतं, आणि मुंबई-अलिबागला ते बऱ्यापैकी जुळतं. आता मोबाईलवर भरती-ओहोटीचं टेबल मिनिटामिनिटासकट मिळतं, ते बघाच, पण सुट्टी कुठल्या तारखेला घ्यायची हे दोन महिने आधी ठरवताना पाऊणकीच कामाला येते. (शाळेत पाठ करताना वाटायचं हे कशाला, तर यासाठी.)

आता यातली गोम. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला येते, तुम्हाला वाटेल वा, किती सोयीचं! पण अष्टमी-नवमीला भांग असतो, म्हणजे भरती पण मध्यम आणि ओहोटी पण मध्यम, पाणी पूर्ण मागे हटतच नाही. पाणी लांबवर मागे जातं ते पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला आणि त्यानंतरच्या दोन-चार दिवसांत. पण पौर्णिमेला ओहोटी सकाळी सहा नाहीतर संध्याकाळी सहा, दोन्ही अडचणीचं. म्हणून सगळ्यात बेस्ट दिवस तृतीया-चतुर्थी: ओहोटी सकाळी आठ-नऊला आणि पाणीही चांगलं हटलेलं. आणि गंमत बघा, पौर्णिमेनंतरची चतुर्थी म्हणजे संकष्टी, आणि कुलाबा किल्ल्यात देऊळ आहे ते गणपतीचंच! मला हे लक्षात आलं तेव्हा मी आईला फोन करून सांगितलं होतं, ती म्हणाली त्या काळच्या लोकांना माहीतच असणार, तुलाच आत्ता कळलं.

तर प्लॅन असा करा की दुसऱ्या दिवसाची सकाळ तृतीयेची किंवा चतुर्थीची येईल. फक्त अंगारकी टाळा, एक तर गर्दी, आणि आदला दिवस सोमवार येतो, आणि सोमवारी घारापुरीची (एलिफंटाची) लेणी बंद असतात. वारांचं गणित पण पाठच करून टाका: सोमवारी घारापुरी बंद, बुधवारी राणीची बाग आणि तिथलं भाऊ दाजी लाड म्युझियम बंद, शनिवारी सिनेगॉगला जाऊ नये कारण ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे सुट्टीचा पवित्र वार असतो. आणि जून ते ऑगस्ट हा बेत काढूच नका, गेटवे-मांडव्याच्या बोटी बंद असतात आणि जंजिऱ्याच्याही. दिवाळीनंतर ते होळीपर्यंत मस्त.

पहिला दिवस मुंबईचा. सकाळी नऊच्या आसपास गेटवेहून घारापुरीची पहिली लाँच सुटते ती पकडा, तासाभरात पोचता. धक्क्यावरून पायऱ्यांपर्यंत छोटी ट्रेन आहे, लहान मुलं सोबत असतील तर त्यांच्यासाठी तोच हायलाईट असतो, नाहीतर चालत जा. पायऱ्या शंभरावर आहेत, दोन्ही बाजूला दुकानं, ज्येष्ठांसाठी डोली मिळते, भाव आधी ठरवा. तिकीट भारतीयांना ४० रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना नाही, ग्रामपंचायतीचा छोटा कर वेगळा. क्यूआर स्कॅन करून तिकीट काढता येतं पण बेटावर नेटवर्क कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून थोडी कॅश खिशात ठेवा, हे पुढे सगळीकडेच लागू. हातात खाण्याची पिशवी धरून चालू नका, माकडं मागत नाहीत, घेतात.

लेण्यात शिरलात की लोक थेट त्रिमूर्तीसमोर जाऊन सेल्फी काढतात. तुम्ही तसं करू नका. दाराशी दोन मिनिटं नुसते उभे राहा, डोळे अंधाराला सरावू द्या, मग ती साधारण वीस फुटांची मूर्ती मागच्या भिंतीतून हळूहळू पुढे येते, अक्षरशः. गाईड सांगेल ब्रह्मा-विष्णू-महेश, पण अभ्यासक ती तिन्ही मुखं शिवाचीच मानतात, सदाशिव: मधला शांत, एका बाजूचा मिशीवाला रागीट अघोर, आणि दुसऱ्या बाजूला वामदेव, तो चेहरा इतका नाजूक आहे की बाईचाच वाटतो. या त्रिमूर्तीच्या एका बाजूला अर्धनारीश्वर, दुसऱ्या बाजूला गंगाधर. मला सगळ्यात आवडतं ते शिवपार्वतीच्या लग्नाचं शिल्प, पार्वती इतकी लाजलीय की दगडात कळतं. बरीच शिल्पं कमरेखाली फुटलेली आहेत, तरीही वर्ल्ड हेरिटेजच्या यादीत १९८७ मध्ये आलं ते उगीच नाही. बाकीची लेणी वीस मिनिटांत होतात. वरच्या टेकडीवर तोफा आहेत, ऊन नसेल आणि गुडघे धड असतील तर जा.

या बेटाला एलिफंटा नाव पोर्तुगीजांनी दिलं ते इथल्या एका दगडी हत्तीवरून, आणि तो हत्ती आता बेटावर नाहीच! १८६४ मध्ये इंग्रजांनी तो उचलून न्यायचा प्रयत्न केला, क्रेन तुटली, हत्ती पडून फुटला, मग तुकडे मुंबईत आणले आणि पुढे ते जोडून हत्ती राणीच्या बागेत उभा केला. भायखळ्याला भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात तो आजही आहे. ते म्युझियम १८७२ चं, मुंबईतलं सगळ्यात जुनं, आणि आतली सोनेरी-हिरवी सजावट बघून तोंड उघडंच राहतं. पण ते या दिवसात बसवू नका, वेगळ्या रविवारी जा, आणि दुरुस्तीसाठी बंद नाही ना ते आधी विचारून घ्या.

दोनच्या आत गेटवेला परत या, तिथेच जवळपास काहीतरी खा, आणि चालत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात. जुन्या लोकांच्या तोंडी अजून प्रिन्स ऑफ वेल्स. गेटवे आणि हे म्युझियम दोन्ही एकाच माणसाने डिझाईन केलंय, जॉर्ज विटेट. म्युझियमची इमारत १९१४ ला बांधून झाली पण पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि ती लष्करी हॉस्पिटल म्हणून वापरली, लोकांसाठी उघडली थेट १९२२ मध्ये. गेटवे पूर्ण झाला १९२४ ला, आणि १९४८ च्या फेब्रुवारीत शेवटचं ब्रिटिश पलटण त्याच कमानीतून बोटीत बसून गेलं, म्हणजे राजाच्या स्वागताला बांधलेली कमान निरोपालाच जास्त लक्षात राहिली.

म्युझियम सगळं बघायच्या भानगडीत पडू नका, पाय तुटतील. तीन तास असतील तर मी सांगते तसं करा: तळमजल्यावर शिल्पं, घारापुरी नुकतीच पाहिलेली असते त्यामुळे डोळा तयार असतो, मग वर जाऊन लघुचित्रं, तिथे घाई करू नका, मग अॅसिरियन राजवाड्याचे कोरीव दगड, हे इराकमधून इथे आलेत आणि लोक त्यांच्या समोरून सरळ निघून जातात, मला फार वाईट वाटतं. मुलं असतील तर भुसा भरलेले प्राणी-पक्षी शेवटी ठेवा, आधी दाखवलेत तर ती तिथून हलणार नाहीत. मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत, आणि फोटोंचा नियम काय ते काउंटरवर विचारा. मान वर करून घुमट बघायला विसरू नका, तो विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर आहे.

संध्याकाळी मांडवा. गेटवेहून कॅटमरान तासाभरात पोचवते आणि त्याच तिकिटात मांडवा ते अलिबाग बस असते, ती सोडू नका, आणि शेवटच्या बोटीची वेळ सकाळीच विचारून ठेवा. गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्याहून रोरो, बुकिंग आधी. भाऊच्या धक्क्याहूनच रेवसला साधी लाँचही जाते, कोळणींच्या पाट्या, सायकली, कोंबड्या, सगळ्यांसोबत. मला विचाराल तर एकदा तरी तिनेच जा. रात्री अलिबागला मुक्काम, कारण उद्या सकाळची ओहोटी गाठायचीय.

दुसरा दिवस. ओहोटीच्या दीड तास आधी वाळूतून निघा आणि ओहोटीच्या वेळेनंतर तासाभरात परत फिरा, एवढं पाळलंत तर तुम्हाला होडी लागणार नाही. टेबलमध्ये ओहोटीची उंची एक मीटरच्या आत असेल तर चालत जायला छान, त्याच्या वर असेल तर घोडागाडी. चालायला पंधरा-वीस मिनिटं. चपला हातात नका धरू, पट्ट्याच्या सँडल घाला, खाली कालवं चिकटलेले खडक आहेत आणि कालवाने कापलं की पुढचे दोन दिवस गेले. किल्ल्याचं तिकीट २५ रुपये.

कुलाब्याचं बांधकाम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये, म्हणजे अगदी शेवटच्या दिवसांत सुरू करवलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. पण हा किल्ला खरा गाजला तो मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख, कान्होजी आंग्र्यांमुळे. आत गेल्यावर आधी तटाच्या दगडांकडे बघा: मोठमोठे चिरे एकावर एक नुसते रचलेत, मध्ये चुना नाही, लाट आली की पाणी फटींमधून आत शिरतं आणि जोर तिथेच मोडतो. मग गणपतीचं देऊळ, राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं, आणि त्याच्याजवळ गोड्या पाण्याची पुष्करणी, चहूबाजूंनी खारं पाणी आणि मधोमध गोडं! उत्तरेकडच्या तटावर चाकांच्या गाड्यावर ठेवलेल्या दोन तोफा आहेत, त्यांच्यावर वाकून वाचा, डॉसन हार्डी फील्ड, लो मूर आयर्नवर्क्स, यॉर्कशायर, इंग्लंड. ज्या इंग्रजांना आंग्र्यांनी एवढं छळलं त्यांच्याच कारखान्यातल्या तोफा. पलीकडचा सर्जेकोट हा छोटा किल्ला वेळ असेल तरच, घड्याळ बघून.

गावात आल्यावर कान्होजींच्या समाधीला नक्की जा. ४ जुलै १७२९ ला ते गेले, आणि ज्या दर्यावर्दीला इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी तिघंही टरकून होते त्याच्या समाधीवर बहुतेक वेळा तुम्ही एकटेच असता. मग इस्रायल आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग. बेने इस्रायल, म्हणजे इथल्या ज्यू लोकांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज जहाज फुटून इथेच नवगावच्या किनाऱ्याला लागले. ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद, म्हणून गावाने नाव पाडलं शनिवार तेली. त्यांच्या घरात बोली मराठीच. आत जाताना डोकं झाका, देखभाल करणाऱ्यांना विचारून मगच फोटो. अलिबागची चुंबकीय वेधशाळा पण आहे, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून मोजमापं बिघडतील या भीतीने १९०४ मध्ये मुंबईतल्या कुलाब्याहून इकडे हलवली, पण तिथे असंच उठून आत जाता येत नाही, परवानगी लागते.

जेवणाचं फार सांगत नाही, सुरमई आणि तांदळाची भाकरी कुठेही मिळेल. जानेवारीनंतर गेलात तर रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील, त्या घ्याच, थंडीत कुणी वाडीत पोपटीला (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांच्या मेजवानीला) बोलावलं तर बाकीचा प्लॅन गुंडाळून ठेवा.

दुपारनंतर चौल-रेवदंडा, अलिबागपासून सतरा-अठरा किलोमीटर. रेवदंड्याच्या पोर्तुगीज किल्ल्यात "शिरायचं" असं काही नाही, रस्ताच तट फोडून आत जातो आणि आत अख्खं गाव आहे, नारळ-पोफळीच्या वाड्या आहेत आणि मध्येच कुठेतरी चर्चची भिंत. सातखणी म्हणतात तो उंच मनोरा शोधा, फ्रान्सिस्कन चर्चचा होता, आता सगळे मजले उरलेले नाहीत. बरेच अवशेष लोकांच्या खाजगी वाडीत आहेत, तेव्हा "काका, जरा बघून येऊ का" एवढं विचारायचं, आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही, उलट शहाळं मिळालंय. इथल्या शाळेच्या आवारात एक रशियन स्मारक आहे, अफानासी निकितिन नावाचा व्यापारी पंधराव्या शतकात, म्हणजे वास्को द गामाच्याही आधी, घोडा विकायला चौलला उतरला होता त्याचं. शाळा सुरू असेल तर परवानगी घेऊन जा.

खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई. किल्ल्यावर दीपगृहाच्या बाजूने चढा, पायऱ्या आहेत आणि पंधरा मिनिटांत तटावर. एका अरुंद डोंगराच्या पाठीवर अख्खा किल्ला, एका बाजूला कुंडलिकेची खाडी, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र, आत छप्पर गेलेलं चर्च. संध्याकाळी जा पण अंधार पडायच्या आत खाली या. पण माझ्या मते कोर्लईचा खरा वारसा खाली गावात आहे. १७४० मध्ये पोर्तुगीज हा प्रदेश मराठ्यांना देऊन गेले, पण गावातली ख्रिस्ती वस्ती इथेच राहिली आणि त्यांची बोली पण, पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणाची, जवळजवळ हजारेक लोकांची. ते तिला नॉ लिंग म्हणतात, म्हणजे आमची भाषा. दुकानात चहा पिता पिता कान द्या, आधी मराठी वाटेल, मग कळेनासं होईल. मोबाईल तोंडासमोर धरून "बोलून दाखवा" मात्र करू नका, ती काय प्रदर्शनातली वस्तू नाही.

तिसरा दिवस फक्त जंजिऱ्याचा. मुक्काम काशीद किंवा मुरूडला, आणि सकाळी लवकरात लवकर राजापुरीच्या धक्क्यावर, कारण शनिवार-रविवारी अकरानंतर तिथे रांगेचं जे काय होतं ते सांगण्यासारखं नाही. शिडाच्या होड्या जातात. होडीत चढता-उतरताना दोन्ही हात मोकळे पाहिजेत, लाट होडी वर उचलेल तेव्हाच पाय टाकायचा, होडीवाला हात देतो तो मनगटाला धरा, बोटांना नाही.

जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही, तो दोन बुरुजांच्या आड लपलाय, तेव्हा होडीत शेवटच्या पाच मिनिटांत फोन खाली ठेवून नुसतं बघा. आत तुम्हाला साधारण पाऊण तास मिळतो आणि त्याच होडीने परत यायचं असतं, म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी दरवाजावरचं शिल्प, एक वाघासारखा प्राणी आणि त्याच्या पंजात, तोंडात, शेपटीत मिळून सहा हत्ती. मग थेट वर कलालबांगडी तोफेकडे, मग तटावरून उलट फिरत गोड्या पाण्याचं तळं आणि सुरूलखानाचा पडका वाडा. गाईड घ्या, पण आकडे ऐकताना निम्मे करून ऐका, तोफेचा पल्ला दर ट्रिपला वाढत जातो. जंजिरा हा शब्दच मुळी अरबी जझीरा, बेट, याच्यावरून आलाय.

तटावर पश्चिमेकडे उभं राहिलं की समुद्रात आणखी एक किल्ला दिसतो, तो पद्मदुर्ग, शिवाजी महाराजांनी सिद्दीच्या नाकासमोर बांधलेला. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये तर किनाऱ्यापासून जंजिऱ्यापर्यंत समुद्रात बांध घालायला घेतला होता. तरी हा किल्ला पडला नाही, सिद्दींचं संस्थान थेट १९४८ पर्यंत टिकलं. पद्मदुर्ग जवळून बघायची इच्छा होईल, पण तिथे परवानगी आणि भरतीची वेळ दोन्ही जमावं लागतं, तो बेत वेगळा करा.

परत आल्यावर मुरूडच्या टेकडीवरचा नवाबाचा राजवाडा रस्त्यावरूनच बघायचा, तो खाजगी आहे, गेटवर वाद घालणारे लोक बघितलेत मी, लाज वाटते. त्याऐवजी राजापुरीजवळ खोकरीला जा, सिद्दींच्या दगडी कबरी आहेत, घुमट, जाळ्या, भोवती झाडं, आणि पर्यटक शून्य. होडीवाल्यांचा गोंगाट ऐकून कान किटलेले असतात तेव्हा इथे अर्धा तास बसा. मग मुरूड स्टँडवरून अलिबागची एसटी, डाव्या खिडकीची जागा धरा, काशीदपर्यंत समुद्र त्याच बाजूला असतो.